टाकळी रोडच्या महाराजांचे घर

मी, सुधा शामसुंदर गायधनी, वय ६१, राहणार टाकळी रोड, नाशिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. गुडघे सोडले तर माझे सगळे ठीक आहे.

माझे यजमान शामसुंदर घड्याळे दुरुस्त करत. त्यांना स्नायूंचे हाड होण्याचा जन्मजात, दुर्मिळ आजार होता. पडले, कोणी चोळले, की तिथे नवे हाड धरे. दीर किशोरभाऊजींनी प्रेमाने घोटीहून मालिशवाला आणला, त्यात पाठ कायमची गेली. शेवटी कंबर धरली आणि ते खुर्चीत बसले ते बसलेच.

गेले तेव्हा तिरडीवर झोपवता येईना. खुर्चीसह टेम्पोतून नेले. बसलेला देह पाहून द्वारका चौकात लोकांना वाटले, कोणी महाराज समाधिस्थ झाले. हार पडले, पोलिसाने रस्ता मोकळा केला. एका बाईने विचारले, "आई, महाराज कुठल्या मठाचे?" मी म्हटले, "घड्याळदुरुस्तीच्या." तिने त्यालाही हात जोडले.

तेराव्याला भाऊजींनी दारावर 'शामसुंदर महाराज स्थान' अशी पाटी लावली. लोक दर गुरुवारी बंद घड्याळे ठेवून नवस बोलतात. ती घड्याळे ज्याची त्याला परत करावीत. पाटी भाऊजींना द्यावी. खिळेही त्यांचेच आहेत.

घर माझ्या एकटीच्या नावे आहे. ते मी मुलगी स्वरदा हिला देते. तिलाही तोच आजार आहे. आता कंबर धरू लागली आहे. डॉक्टर म्हणतात, ज्या स्थितीत धरेल तशीच ती कायमची राहील; बसून राहायचे की उभे, आत्ताच ठरवा. भाऊजी म्हणाले, "वहिनी, बसू द्या तिला. गादी चालू राहील." ती म्हणाली, "काका, गादीवर तुम्ही बसा. तुमची कंबर चांगली आहे."

माझ्या पश्चात या घरात गादी, दर्शन काही होणार नाही. स्वरदाच्या पाठीवर कोणी आशीर्वादाचीसुद्धा थाप मारू नये.

साक्षीदार म्हणून मुद्दाम भाऊजींनाच घेतले आहे, म्हणजे माझे डोके ठिकाणावर नव्हते असे त्यांना पुढे म्हणता येणार नाही. त्यांनी मजकूर वाचला नाही. "पाटीचा उल्लेख आहे ना?" एवढेच विचारले. आहे, म्हटले.

स्वरदाने उभे राहायचे ठरवले आहे. मी म्हटले, "दमशील गं." ती म्हणाली, "दमेन. पण उभ्या बाईच्या पायाशी कोणी नारळ ठेवून बसत नाही, आई. काय काम आहे विचारतात."

तरी ओटा, टेबल, दाराची कडी तिच्या उभ्या मापाने करून घ्यावी, असे लिहिणार होते. पण त्यासाठी मी मरायची वाट कशाला बघायची? गवंडी सोमवारी येतो आहे.

सही: सुधा शामसुंदर गायधनी
साक्षीदार: १. किशोर गायधनी (दीर) २. दिशा क्षेमकल्याणी (शेजारीण)
नाशिक, १ मार्च २०२५