दिवस तुझा, रात्र माझी

निफाड, ३ नोव्हेंबर

ती. धनराजदादास,
सा. न., तोही रीत म्हणून. समोर आलो की भांडण हातघाईवर येतं, म्हणून बांधाला बांध असूनही पोस्टाने लिहितोय.

सरकारी योजनेतून सौर पंप घेतलास आणि सामाईक विहिरीवरची वीजजोडणी मला न विचारता सोडून दिलीस. आबांनी वाटणीत दिवसाचं पाणी तुला दिलं, रात्रीचं मला. आता रात्री सूर्य कुठून आणू? माझी द्राक्षबाग ऐन फुलोऱ्यात सुकतेय. सरकारने अनुदान दिलं ते स्वच्छ वीज वापरायला, भावाचं पाणी तोडायला नाही!

लोभ उरला असेल तर कळव.
वाल्मीक

७ नोव्हेंबर

चि. वाल्मीक यास,
अनेक आशीर्वाद, पचतील तेवढे घे.

वीज रात्रीच यायची तेव्हा तू राजा होतास. माझी रोपं करपत होती म्हणून दोन तास पाणी मागितलं, तर वाटणी म्हणजे वाटणी असं सुनावून तू पाठ फिरवलीस. आज मी तेच म्हणतो. वर तुझ्या चिंचेची सावली दुपारनंतर माझ्या पॅनलवर येते आणि पंप बंद पडतो. ती चिंच तोड, मग दुपारनंतरचं पाणी तुझं. नाहीतर सूर्याकडे अर्ज कर.

नाइलाजाने तुझा दादा,
धनराज

१५ नोव्हेंबर

चि. वाल्मीक यास,
अ. आ.

उत्तर नाही, म्हणजे राग गेलेला नाही. माझाही नाही. पण तुझ्या उज्वलावहिनीने मला फैलावर घेतलं. आईने कळशीने पाणी घालून जगवलेली चिंच तोडायला सांगताना जीभ कशी रेटली, असं विचारलं. खरंच रेटायला नको होती. पंपवाला म्हणतो, पॅनल विहिरीपलीकडे हलवता येतील. खर्च मी करतो. दुपारपर्यंत पाणी माझं, नंतर तुझं. चिंचेला हात लावू नकोस.

धनराज

१९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र आत्ता पोस्टमनने दिलं. चिंच मी काल तोडली.

करवत चालू होती तेव्हा तू ओट्यावर उभा राहून बघत होतास. मला वाटलं, मनासारखं झालं म्हणून बघतोयस. तुला वाटलं असेल, पत्र वाचूनही हा मुद्दाम तोडतोय. तोंडात काय मूग भरले होते तुझ्या? एक हाक मारली असतीस तर थांबलो असतो.

दुपारपासून बागेला पाणी चालू आहे. बघायला जावंसं वाटत नाही.

लोभ असेल तर आता पत्र नको, हाक मार.
वाल्मीक