पेल्यावरचा बर्फ

अण्णा, आज मी पार हादरून गेले आहे, आणि हे सांगायला नेमके तुम्हीच नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी फ्रिजच्या कामात काही अडलं की मी अजून मनातल्या मनात तुम्हालाच विचारते. स्वारगेटजवळचं आपलं दुकान आता तुमची ही लेकच चालवते. आज हिंजवडीला आम्हा मेकॅनिकांचं प्रशिक्षण होतं. शिकवणारी बाई शांतपणे म्हणाली, "जुन्या फ्रिजमधला गॅस हवेत सोडलात, की तो कित्येक वर्षं वर वर जात राहतो. तिथल्या उन्हात फुटतो, आणि त्यातलं क्लोरीन ओझोन खात सुटतं. मग सूर्याचे घातक किरण जास्त खाली येतात. कातडीचा कॅन्सर, मोतीबिंदू, पिकांचं नुकसान." आता तो गॅस बंद झालाय आणि वरचा थर हळूहळू भरून येतोय, असंही ती म्हणाली. पण मला सारखे तुम्हीच आठवत होतात.

अहो, नळ ठिबकला तरी भरल्या ताटावरून उठणारे तुम्ही! गिऱ्हाइकाच्या घरात नको म्हणून अवजड फ्रिज गॅलरीत ओढायचात, मग नळी कापायचात. फुस्स आवाजाने घरातल्या वहिनी दचकल्या की म्हणायचात, "घाबरू नका वहिनी, गॅस जातोय, फ्रिजचा जीव नाही." आणि मला सांगायचात, "हा गॅस म्हणजे गरीब गाय. वास नाही, पेट घेत नाही. वर जातो आणि संपतो." तो संपत नव्हता, अण्णा.

आणि तो मे महिना. मी आठ वर्षांची, उकाड्याने रडकुंडीला आलेली. तुम्ही गॅसच्या झोतात स्टीलचा पेला धरता, त्यावर पांढराशुभ्र बर्फ धरतो, मी तो गालाला लावते. "अजून एकदा," मी म्हणते. तुम्ही हसता आणि नवाकोरा सिलिंडर उघडता, फक्त माझ्यासाठी.

आज प्रशिक्षणाच्या शेवटी त्या शिकवणाऱ्या बाईने विचारलं, "असा गॅस हवेत कुणी कुणी सोडलाय? खरं सांगा." सगळ्यांचे हात वर गेले. माझा मांडीवरच राहिला. तुमचं नाव राखलं, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला बजावत होते. ते खोटं आहे. तुम्ही तिथे असतात, तर पहिला हात तुमचाच वर गेला असता. मला ते "अजून एकदा" कबूल करायचं नव्हतं.