भाग्यविधात्याला तिसरा वन्समोअर

१८ नोव्हेंबर २०२४
बदलीची ऑर्डर आली. भामरागड, एक फेब्रुवारीपासून. शाखा अजून उघडायचीच आहे, म्हणजे सध्या तिथे एक गाळा आणि त्याला शटर. मी शांत राहिलो. पाणी प्यालो, बाथरूमला जाऊन आलो, परत पाणी प्यालो. सागवान बँकेची इतकी वर्षं सेवा केली, गडचिरोली शाखेत लॉकर आणि केवायसी असे दोन विभाग एकट्याने ओढले, त्याचं हे फळ. पावसाळ्यात तिथे पूल बुडाला की माणूस अलीकडे असेल तर अलीकडे, पलीकडे असेल तर पलीकडे. मुलीची, मयुरीची, पुढच्या वर्षी बारावी. बायकोचं, कमळाचं, शिलाईचं दुकान आत्ता कुठे चालायला लागलंय.

कमळा म्हणाली, मोठ्या साहेबाले भेटून सरळ सांगा ना, पोरीची बारावी हाय, एक साल थांबवा म्हणून. मी नुसता हसलो. सरळ सांगून कामं झाली असती तर लोक एमबीए कशाला झाले असते? मागायची एक पद्धत असते.

१९ नोव्हेंबर
पद्धत सापडली.
मोठे साहेब म्हणजे वासुदेवराव भांडेकर, आमच्या बँकेचे संस्थापक. यंदा पंचाहत्तरी. जानेवारीत त्यांच्या गावी, सावरटोल्याला, शंकरपट असतो. दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. आमच्या झाडीपट्टीत शंकरपट असून नाटक नाही म्हणजे लग्न असून जेवण नाही. तर यंदाचं नाटक साहेबांच्याच जीवनावर. लेखक : हेमराज निकुरे. नाव : ‘भाग्यविधाता भांडेकर’.
पडदा पडला की साहेब मला मिठी मारतील. विचारतील, निकुरे, तुम्हाला काय पाहिजे? मी म्हणेन, काही नको साहेब. ते आग्रह करतील. मग मी अनिच्छेने बदलीचा विषय काढीन.
संकल्प : रोज पहाटे चारला उठून एक प्रवेश लिहिणे. मोबाईल बंद. तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा बंद, तोही कायमचा.

२० नोव्हेंबर
उठायला साडेसात झाले. थंडी होती. खर्रा एकच, तोही विचारासाठी.

२७ नोव्हेंबर
बँकेने छापलेली साहेबांची परिचयपुस्तिका वाचली. कागद उत्तम, नाट्य शून्य. जन्म, शिक्षण, पतसंस्था, बँक, शाखा, वृक्षारोपण. आईचा फोटो आहे, हार घातलेला. बिचाऱ्या गेलेल्या दिसतात. या माणसाने आयुष्यात काही भोगलंय की नाही? नसेल तर मलाच भोगायला लावावं लागेल.

२ डिसेंबर
चंद्रपूरला हेड ऑफिसात साहेबांची मुलाखत. त्यांच्या सेक्रेटरी मदीहा मॅडमनी जेवणाच्या सुट्टीतली वेळ दिली. मी पहिलाच प्रश्न तगडा टाकला : बँक काढण्यामागची प्रेरणा कोणती? साहेब म्हणाले, उंदीर.
बियाण्याचं धान उंदीर खाऊन टाकायचे म्हणून त्यांनी एका बंद पडलेल्या आरा मशीनच्या लिलावात लोखंडी तिजोरी घेतली. ती दारातून आत जाईना, म्हणून ओसरीतच राहिली. ओसरीत सगळ्यांना दिसायची, म्हणून शेजारीपाजारी आपल्या वस्तू ठेवायला आणू लागले. कुणी पाटल्या, कुणी सातबारा, एका म्हातारीने तर नातवंडांच्या भीतीने लोणच्याची बरणी ठेवली. मग किल्ली सांभाळायला माणूस ठेवला, मग पतसंस्था झाली, मग बँक झाली. मी विचारलं, नागपूरच्या मोठ्या नोकरीवर आपण लाथ मारलीत असं ऐकतो, ती कशी? साहेब म्हणाले, लाथ कायची, ती मिळालीच नाई.
यातलं मी काहीही लिहून घेतलं नाही. उंदरावर नाटक उभं राहत नाही. साहेबांना स्वतःच्या आयुष्याची जाण कमी आहे.
निघताना साहेबांनी विचारलं, आणखी काही काम होतं काय? मी म्हणालो, छे छे. घरी हे सांगितलं. कमळा पदर खोचून मशीनवर बसली आणि ब्लाउज शिवता शिवता दोनदा सुई तोडली.

६ डिसेंबर
वडशाला गेलो. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांचं हे माहेर. जलालुद्दीनभाईंची कंपनी नावाजलेली, म्हणून त्यांनाच पहिला अंक वाचून दाखवला. ठेवी आणि कर्ज यांच्या परस्परसंबंधावर नायकाचं एक लांब स्वगत आहे, ते मी दोनदा वाचलं. जलालुद्दीनभाईंनी चहा संपवून विचारलं, ते सब ठीक हाय निकुरेभाऊ, माय कवा मरते?
मी म्हणालो, मरत नाही. ते म्हणाले, माय मेली नाई तं पब्लिक रडत नाई, अना पब्लिक रडली नाई तं पुढच्या साली आमाले बोलावत नाई. शिवाय तीन डान्स पाहिजेत आणि मुखरूसाठी कॉमेडी पाहिजे. हा मुखरू म्हणजे त्यांचा विनोदी नट. लोक त्याच्यासाठीच तिकीट काढतात म्हणे. मी स्पष्ट सांगितलं, हे भारतीय बँकिंगच्या इतिहासाचं नाटक आहे. ते म्हणाले, हो, पण त्याच्यात डान्स कुठी टाकाचा?
तडजोड झाली. माय दुसऱ्या अंकात मरेल. तशाही त्या हयात नाहीतच. एक डान्स बँकेचा परवाना मिळाल्याच्या आनंदात. मुखरूला शिपायाची भूमिका, चार वाक्यं. तत्त्व मी कुठेही सोडलेलं नाही.

१४ डिसेंबर
घरात कुणाला माझ्या कामाची किंमत नाही. इकडे तिसरा अंक अडलेला आणि कमळा मार्कंड्याला दर्शनाला गेली. संध्याकाळी पिशवीभर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा घेऊन आली. कुठून आणल्या विचारलं तर म्हणाली, एका म्हाताऱ्या बाईनं देल्ल्या, मोठी मायाळू बाई हाय. मी पुढे विचारलं नाही. कलावंताने भाजीपाल्यात लक्ष घालू नये.
शेंगा उकडल्यावर मात्र चांगल्या लागल्या.

२१ डिसेंबर
आज लिहिलं. नायक नागपूरच्या नोकरीचा कागद फाडतो आणि म्हणतो, ‘जिथं रस्ता संपते, तिथं माही बँक सुरू होते!’ लिहून झाल्यावर स्वतःच रडलो. मयुरीने विचारलं, बाबा, डोळ्यात चुन्याचा हात लागला का? हिला बारावीला मराठीत किती पडतील याची मला चिंता आहे.

३० डिसेंबर
तालीम कधी आहे विचारायला फोन केला. जलालुद्दीनभाई म्हणाले, सीझनमंदी कायची तालीम? रोज एक गाव. वस्तुस्थिती अशी कळली की आमचे नट पाठ करतच नाहीत. विंगेत प्रॉम्प्टर कागद घेऊन उभा राहतो, तो हळू बोलेल ते नट मोठ्याने बोलतो. नायक झालेला सुनिल तर नाटकाचं नावही प्रॉम्प्टरला विचारून सांगतो म्हणे.
मी जाहीर केलं, मग प्रॉम्प्टिंग मी स्वतः करणार. माझा शब्द परक्या तोंडातून का जावा? जलालुद्दीनभाई म्हणाले, करा, पण कागद सोडू नका भाऊ. तुमी बोलाल तेच सुनिल बोलते. तुमी खोकलाल तं तो खोकलते.
या अनुभवी लोकांना नवख्याला घाबरवायची फार हौस.

१८ जानेवारी, दुपार
सावरटोल्यात पोचलो. गाव पाहुण्यांनी भरलंय, शर्यती चालू आहेत, धुळीने माझं नवं जाकीट राखाडी झालं. साहेबांची गाडी त्यांच्या गावातल्या घरून मंडपाशी आली. आधी साहेब उतरले, मग त्यांनी हात देऊन एका म्हाताऱ्या बाईंना उतरवलं. मी शेजारच्याला विचारलं, कोण? तो म्हणाला, रुखमाबाई, साहेबाची माय.
पुस्तिका काढून पाहिली. हार फोटोला नाही, बाईंच्या गळ्यात आहे. सत्काराचा.
धावत जलालुद्दीनभाईंकडे गेलो. म्हटलं, आई जिवंत आहे, दुसरा अंक काढून टाका. ते म्हणाले, आता नाई होत. उर्वशी माय बनून सकाळपासून आवाज बसवून राह्यली. मेल्याशिवाय ते मेकप उतरवत नाई.
कमळा आणि मयुरी पण आल्या आहेत. कमळा पुढच्या रांगेत चक्क रुखमाबाईंच्या शेजारी बसलेली दिसली. बायकांना कुठेही ओळख काढता येते. माझी बदली आता त्या अंकावर टांगलेली आहे. खर्रे तीन.

१९ जानेवारी, सकाळ
जे झालं ते क्रमाने लिहितो. 
पहिल्या अंकात मुखरूने माझी चारही वाक्यं गाळली आणि तिजोरी, उंदीर आणि लोणच्याची म्हातारी यांच्यावर भरपूर वेळ घेतला. ही गोष्ट सावरटोल्यात पोराबाळांना ठाऊक आहे म्हणे. मंडप हसून हसून आडवा. साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. माझ्या ठेवी-कर्जाच्या स्वगताला लोक चहाला उठले.
दुसऱ्या अंकात उर्वशीने मरायला सुरुवात केली आणि ती बराच वेळ मरत राहिली. मी विंगेत डोळे मिटून घेतले. उघडले तर सगळ्यांत जास्त कोण रडतंय? रुखमाबाई. मध्यंतरात त्यांनी उर्वशीला बोलावून पदराला बांधलेली नोट दिली आणि म्हणाल्या, चांगली मेली वो बाई तू. माह्यं बी असंच हो.
वाचलो. त्या क्षणी मला वाटलं, नाटक आता माझ्या हातात आहे.
मग तिसरा अंक. सुनिलने नोकरीचा कागद फाडला. मी पुटपुटलो, ‘जिथं रस्ता संपते, तिथं माही बँक सुरू होते!’ सुनिल गरजला. टाळ्या, शिट्ट्या, वन्समोअर. झाडीपट्टीत वन्समोअर दिला नाही तर पब्लिक पुढे जाऊ देत नाही. पण तेच वाक्य परत देणं माझ्या प्रतिभेला कमीपणाचं वाटलं. मी कागद सोडला. पुटपुटलो, ‘मले नागपूर नको, मले भामरागड द्या!’ भामरागडच का सुचलं? दोन महिने डोक्यात दुसरं होतं काय? मंडप उभा राहिला. दुसरा वन्समोअर. मी म्हणालो, ‘पूल बुडाला तं पोहत जाईन!’ तिसरा वन्समोअर. मी आता विंगेतून अर्धा बाहेर आलो होतो. ‘बायको-पोरीले घेऊन जाईन!’
माझ्या आयुष्यात मला इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. त्या सुनिलकडे बघून चालल्या होत्या, पण होत्या माझ्याच.
साहेब रंगमंचावर आले. माइक घेऊन म्हणाले, हे वाक्य माह्यं नाई. मी जन्मात असं बोललो नाई, मले तर नागपूरची नोकरी पाहिजे होती. कोणाचं हाय हे?
मी विंगेतून पुढे आलो. म्हणालो, माझं, साहेब. शब्दन् शब्द माझा.
साहेबांनी मला मिठी मारली. इथपर्यंत सगळं माझ्या आराखड्याप्रमाणे झालं, हे मी नोंदवून ठेवतो. मग त्यांनी खिशातून एक कागद काढला, वाचला, आणि माइकवर म्हणाले, मायनं सांगतलं म्हणून या माणसाची बदली थांबवाचा हुकूम मी आज घेऊन आलो होतो. पण ज्याच्या मनात भामरागड असं भरून हाय, त्याचा असा अपमान मी करनार नाई. आणि तो कागद त्यांनी फाडला. अगदी सुनिलने फाडला तसा.
पब्लिकने वन्समोअर मागितला. साहेबांनी तेच परत सांगितलं.

२० जानेवारी
कमळाला विचारलं, साहेबांच्या आईला कुणी सांगितलं होतं? ती म्हणाली, मी. मार्कंड्यावरून येताना सावरटोल्याले गेलती. आईजवळ बसली, सरळ सांगतलं, पोरीची बारावी हाय. एका शब्दात काम झालं. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुमी लिहून राह्यले होते.
मी मोठ्या मनाने विषय बदलला. म्हटलं, सामानाची बांधाबांध कधी सुरू करायची? ती म्हणाली, तुमची तुमी करा. बायको-पोरीले घेऊन जाईन हे वाक्य तुमचं हाय, माह्यं नाई.

३ फेब्रुवारी, भामरागड
शाखा सुरू झाली. साहेबांनी खास भेट म्हणून ओसरीतली ती मूळ तिजोरी पाठवली. ती शटरमधून आत जात नाही. गाळ्याबाहेर ठेवली आहे. गाळ्यात उंदीर आहेत.
संकल्प : उद्यापासून पहाटे चारला उठून नवं नाटक. विषय, एका सच्च्या लेखकाची उपेक्षा.

५ फेब्रुवारी
पहिली ग्राहक आली. शेजारच्या किराणा दुकानातल्या नूरीबाई. नातवंडं संपवतात म्हणून लोणच्याची बरणी तिजोरीत ठेवता का, विचारत होत्या. मी त्यांना समजावून सांगितलं की ही आधुनिक खाजगी बँक आहे. मग बरणी ठेवून घेतली.
संध्याकाळी भात केला, तो करपला. घरात बोलायला कुणी नाही. कमळाचा आणि मयुरीचा आवाज नसलेलं घर मला सहन होत नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. तिजोरी उघडली. लोणचं आंब्याचं होतं. बरणी आता अर्ध्याच्या खाली आहे.
टेकाडावर चढल्यावर रेंज आली. कमळाला फोन लावला. अवतीभवतीच्या परिस्थितीची प्रस्तावना करणार होतो, पण ती आठवेना. म्हणालो, कमळा, आंब्याचं लोणचं पाठव. आणि जमलं तर रविवारी तू पण ये.
 ती म्हणाली, येतो. बस, येवढंच सांगाचं असते.