चाळीसच्या आत

८ जानेवारी १९९४
गाडी आली एकदाची. आमच्या जुन्या ॲम्बेसेडरच्या मागच्या ॲक्सलमधले गिअर नवे बसवलेत. बाबांनी बॉनेटवर बोट आपटत सांगितलं – हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही, गाडीत दुसरं माणूस घ्यायचं नाही. नव्या दातांना एकमेकांत बसायला वेळ लागतो. "हे काम तुझं, ऋता. हजार झाले की गाडी घेऊन शाळेत जा."
गोमती नगरच्या शाळेने एक फेब्रुवारीला हजर व्हा म्हणून कळवलंय. इथून, आलमबागहून, शहराच्या त्या टोकाला सवारीच्या टेम्पोने एकटीने जायला बाबांची परवानगी नाही. म्हणजे नोकरी या हजारावर.

११ जानेवारी
तेलीबागच्या पुढे दाट धुकं. निघताना अभिराम फाटकाशी – "ताई, बैलगाड़ी को साइड दे देना, हाँ?" धाकटा भाऊ, पण जीभ मोठी.
मी परत आले की बाबा खुर्चीतूनच – "हात लावून बघ." मागच्या चाकांच्या मधला लोखंडी गोळा, नवे गिअर त्यातच. त्यावर तळवा टेकवता आला पाहिजे, इतपतच तापायला हवा. टेकवला.

१६ जानेवारी
ट्रक मागून अंगावर आला, माझा पाय दाबला गेला. काटा पन्नासवर. क्षणभरच. कोणी पाहिलं नाही.
दिवसभर घास उतरला नाही. संध्याकाळी सांगून टाकलं. बाबांनी पेपर खाली ठेवला. "पहिल्यापासून."
चारशे झाले होते!
आई म्हणाली, "सांगायला कुणी सांगितलं होतं? खुळी."
पण मला दुसरं येतच नाही. पाचवीपर्यंत बाबांनीच घरी शिकवलं. गणित चुकलं तर चालायचं. खोटं बोललं तर त्या दिवशी जेवण नाही. ताट उचलून आईच न्यायची.

२३ जानेवारी
सकाळी एक फेरी, दुपारी एक. पाठ मोडली. अजून चाळीसच्या आत.

२९ जानेवारी
झाले हजार! गोळा नुसता कोमट. बाबा "छान" म्हणाले. किती वर्षांनी.
मग जेवताना अभिरामला म्हणाले, "सोमवारपासून गाडी तू ने. कानपूरला रोजचं जाणं आहे तुझं."
"ओके बाबा," म्हणाला. आणि दही मागितलं.
मी विचारलं, "मग शाळा?"
"नाही जमत म्हणून कळव."
"मग मला कशाला चालवायला दिली?"
"त्याच्या हातात दिली असती तर आठ दिवसांत दात झिजले असते. तू घाबरतेस. असल्या कामाला घाबरणारं माणूस लागतं."
आई हसली. कुचकट नाही, कौतुकानेच. तेच जास्त लागलं.

३० जानेवारी
नव्या दातांचा कीस गोळ्यातल्या तेलात उतरतो, म्हणून हजारानंतर तेल बदलायचं. बाबांचे गुडघे वाकत नाहीत. ते पायरीवर, मी गाडीखाली सतरंजीवर. जुनं तेल काळं, त्यात चांदीसारखी चमक. घाण वास.
"नवं नीट भर. कोरडी पळवली तर रस्त्यातच चाकं जाम होतील. उलटेल गाडी."
फोन वाजला. ते आत गेले.
मी खालचं बूच घट्ट लावलं. वरचंही लावलं. नव्या तेलाचा डबा, न उघडलेला, कोळशाच्या पोत्यामागे ठेवला. हात धुतले, दोनदा.
"भरलंस?"
"हो."
बाबांनी तपासलं नाही. माझं कधीच तपासत नाहीत.
रात्री मी जेवले. पोटभर.

३१ जानेवारी
अभिराम गाडीत बसला आणि आई ऐनवेळी शाल गुंडाळत बाहेर आली. कानपूरला मावशीला भेटून येते म्हणाली. "आता माणूस बसवायला हरकत नाही ना गं?"
मलाच विचारलं.
मी म्हटलं, काही हरकत नाही. आणि फाटक उघडून दिलं.