दुधीचे पैसे

आई, मी पैसे दिले नाहीत. एवढंच सांगायचं होतं, पण एवढ्यावर थांबले तर तू विचारशील, कसले पैसे आणि कुणाला, म्हणून पहिल्यापासून लिहिते. तू गेलीस तेव्हा माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. पुढे लग्न झालं, यांच्यामागे मी मस्कतला आले, मुलगी झाली, आणि काही वर्षांपूर्वी हे साइटवर उभे असतानाच छातीत कळ येऊन गेले. कंपनीने त्यांच्या नोकरीचे साठलेले पैसे हिशोब करून दिले. ते मी बँकेत मुलीच्या नर्सिंगसाठी ठेवलेत. ती आता बारावीला आहे. मी वादी कबीरला शिवणाच्या दुकानात अबायांची, म्हणजे इथल्या बायकांच्या काळ्या झग्यांची, हातशिलाई करते. त्या पगारात अल् घुब्र्यातल्या खोलीचं भाडं आणि दोघींचं जेवण निघतं. शाळेची अर्धी फी दुकानाचा अर्बाब, म्हणजे आमचा ओमानी मालक, भरतो. मी आभार मानायला लागले की तो ‘खलास’ म्हणतो आणि चहा मागवतो. तेव्हा बँकेतले ते पैसे सोडले तर मुलीच्या पुढच्या आयुष्यासाठी माझ्याकडे फक्त माझे दोन डोळे आहेत, आणि काळ्या कापडावर काळा दोरा शोधताना तेही आता दमतात.

इथली आपली मराठी मंडळी शुक्रवारी जमते, कारण सुट्टी शुक्रवारची. उपासना तीच, गीतं तीच, पेटी वाजवणाराही तसाच बेसूर. फरक एवढाच की तुझ्या वेळी चर्चबाहेर सायकली असायच्या आणि इथे गाड्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा बँकेच्या मालकीच्या आहेत. मंडळीचे प्रमुख आहेत त्यांना सगळे भाऊ म्हणतात. अझैब्याला त्यांचा मोठा व्हिला आहे, तोही भाड्याचा. प्रार्थनेत ते देवाशी असे बोलतात की जणू देव त्यांच्या ऑफिसात कामाला आहे आणि आज उशिरा आलाय.

या वर्षी कापणीच्या सणाला भाऊंनी मुंबईहून एक वक्ता आणला. विषय होता, थोडक्या मिळकतीत ख्रिस्ती माणसाने पैसा कसा सांभाळावा. आई, त्या माणसाच्या बुटांत माझा चेहरा दिसत होता. पडद्यावर रंगीत चकती दाखवून तो सांगत होता, आधी देवाचा दशांश काढा, मग बचत, मग खर्च. कर्ज काढू नका. बाहेरचा चहा बंद करा. त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. तूही हेच करायचीस. पण बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात मुलींसाठी भाकरी थापता थापता तू ते करायचीस, आणि हा माणूस आमच्याच दानाच्या पैशातून विमानाने येऊन आम्हाला चहा सोडायला सांगत होता. पुढच्या रांगेतले गाडीवाले मान डोलवत होते. मागच्या रांगेत क्लीनर आणि ड्रायव्हर बसले होते. त्यांनी चहा केव्हाच सोडला होता, म्हणून त्यांना डोलवण्यासारखं काही नव्हतं.

मग त्याने मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे होती नव्हती ती दमडी, टाकणाऱ्या विधवेची गोष्ट काढली. मला ठाऊक होतं तो काढणार. म्हणाला, "तुमच्यातही अशी एक भगिनी आहे," आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी साडीच्या काठाकडे बघत बसले. शाळा कायमची सुटल्यावर मी जे काही वाचलं ते माझं मीच वाचलं, त्यामुळे पान मध्येच उघडायची मला सवय नाही, मी आधीची ओळ पण वाचते. त्या गोष्टीच्या लगेच आधी प्रभू कुणाविषयी बोलतो ठाऊक आहे ना तुला? लांब झगे घालून मिरवणाऱ्यांविषयी, जे विधवांची घरं गिळतात आणि वर लांबलचक प्रार्थना करतात. एवढ्या वर्षांत एकाही उपदेशात मी तो भाग ऐकला नाही. विधवा सगळ्यांना आवडते. तिचं घर कोण खातं ते विचारायला कुणाला वेळ नाही.

जेवणानंतर लिलाव झाला. तुला सांगायला नको, सणाला जो तो आपल्या घरचं काही आणतो, बोली लागते आणि पैसा चर्चला जातो. माझ्याकडे शेत कुठलं? गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत पत्र्याच्या डब्यात एक वेल लावला होता, त्याला आलेला एकुलता दुधी मी नेला. कुणीतरी एक रियाल म्हणालं, कुणी दीड. भाऊ उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पन्नास." टाळ्या. एका बाईने डोळे पुसले. मग भाऊंनी हात वर केला आणि दुधी माझ्याच हातात परत दिला. "ताई, हा तुम्हालाच. देव तुम्हाला उणं पडू देणार नाही." पुन्हा टाळ्या. मी दुधी पोटाशी धरून उभी, जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यासारखी.

संध्याकाळी दानाचे पैसे मोजायला आम्ही बायका बसतो. लिलावाच्या डब्यात भाऊंचे पन्नास नव्हते. खजिनदारीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊंचं काय, येतील कधीतरी. मागच्या सणाच्या केकचेही यायचेत."

तेव्हा मला तो कोंबडा आठवला. मी आठ-नऊ वर्षांची आहे, चर्चच्या अंगणात लिलाव चाललाय, तांबडा तुरेवाला कोंबडा पाय बांधून वर धरलाय, आणि मोठी माणसं ओरडतात तशी मीही ओरडते, "पाच रुपये!" सगळे हसतात. लिलाववाले काका मुद्दाम म्हणतात, एक वार, दोन वार, तीन वार, आणि कोंबडा माझ्या पायाशी आणून ठेवतात. तू हसली नाहीस. उठलीस, पदराची गाठ सोडलीस आणि पाच रुपये मोजून दिलेस. काका म्हणाले, "अहो बाई, लेकराची गंमत." तू म्हणालीस, "देवाच्या दारात बोललीय ती." पगार लांब होता. घरी आल्यावर मला वाटलं मार बसेल, पण तू एवढंच म्हणालीस, "आता बोलायच्या आधी गाठ चाचपायची." तो कोंबडा तू कापलाही नाहीस आणि विकलाही नाहीस. रोज पहाटे तो आरवला की मला हलवून म्हणायचीस, "ऊठ, तुझे पाच रुपये ओरडतायत." किती राग यायचा मला तुझा.

सण झाल्यावर पंधरवड्याने वहिनींचा, म्हणजे भाऊंच्या बायकोचा फोन आला, चहाला या. गाडी पाठवली. मुलगीही बरोबर होती. सोफा इतका खोल की बसल्यावर माझे पाय जमिनीला टेकेनात. काजू आले, खजूर आले, माझ्या तब्येतीची चौकशी आली, आणि मग भाऊ म्हणाले, "ताई, कंपनीचे ते पैसे बँकेत ठेवून तुम्हाला काय मिळतं? चिल्लर. माझ्याकडे द्या. वर्षाने दीडपट करून देतो."

"कशात घालणार?"

"ट्रेडिंग. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

"सांगितलंत तर कळेल."

वहिनी म्हणाल्या, "अगं, हे काय परके आहेत? आपण सगळे एकाच प्रभूच्या रक्ताने बांधलेले."

भाऊंनी लगेच शास्त्र काढलं. मालकाचा पैसा जमिनीत पुरून ठेवणारा तो चाकर मला आठवतो का, आणि मालकाने त्याला काय सुनावलं तेही आठवतं का. भाडोत्री व्हिल्यात, हप्त्याच्या सोफ्यावर बसून हा माणूस मला आळशी चाकर ठरवत होता. दुसऱ्याच्या कष्टाच्या पैशाकडे बघताना त्याच्या तोंडावर जी कोवळीक आली होती ती प्रार्थनेत कधी दिसली नव्हती.

मी म्हणाले, "भाऊ, आधी दुधीचे पैसे द्या."

"कसला दुधी?"

आई, त्याला खरंच आठवत नव्हतं. मी आठवण करून दिली. तो मोठ्याने हसला. "अहो ताई, लिलावात बोलायचं असतं हो. लोकांना उत्साह येतो. ते कोण मनावर घेतं?"

"मी घेतलं."

मुलगी मोबाइलमधून मान वर न करता पुटपुटली, "मम्मी, प्लीज." वहिनींनी काजूची बशी स्वतःकडे सरकवून घेतली. भाऊंनी खिशातून पाकीट काढलं, उघडलं, आत बघितलं आणि मिटलं. "पुढच्या शुक्रवारी," म्हणाले. मी चप्पल घातली.

परतीला गाडी नव्हती. टॅक्सीसाठी रस्त्यावर उभ्या असताना मुलगी म्हणाली, "मम्मी, फिफ्टी रियालसाठी असं नाही बोलते कोणी. सो चीप." तिचं मराठी असंच, अर्ध्या वाटेत अडखळणारं. मी हात करून टॅक्सी थांबवली. टॅक्सीत बसल्यावर बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "पण ते मनी त्यांनी दिलाच नाही?" मी नाही म्हटलं. ती खिडकीची काच वर करत म्हणाली, "मग चीप ते आहेत."

पुढचा शुक्रवार आला आणि गेला, त्यानंतरचेही गेले. वहिनी आता मला लांबूनच ‘जय ख्रिस्त’ म्हणतात. नाताळच्या भक्तीत मी साक्ष द्यायची असं ठरलं होतं, देवाने मला कसं सांभाळलं त्याची. ती आता दुसऱ्या कुणाला दिली आहे. मंडळीत म्हणतात, नवरा गेल्यापासून ही बाई कडू झालीय. झाले असेन. यांच्यासाठी रडायला मला खोलीचं दार लावून घ्यावं लागतं, आणि दार लावलं की शेजारच्या खोलीतली मल्याळी बाई काळजीने ठोठावते. कडूपणाला निदान दार लागत नाही. दुधी मी चण्याची डाळ घालून केला, तू करायचीस तसा. बियांचा कडक झाला होता.

आता तुला वाटेल, पोरगी कोंबड्याचा धडा शिकली. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, शिवणाच्या डब्यात बॉबिनखाली जाईल, म्हणून लिहून ठेवते. चहा कशासाठी ते मला ठाऊक होतं, आणि त्या दिवशी मी नाही म्हणायला गेलेच नव्हते. एवढा पैसा एकटीने राखून मी थकले होते, आणि कुणीतरी ताई म्हणून बोलावलं होतं. चेकबुक माझ्या पर्समध्ये होतं. भाऊंनी पाकीट उघडलं तेव्हा माझा हात पर्सच्या चेनवर होता. त्यांनी त्या पाकिटातून पन्नास नाही, पाच रियाल जरी काढून टेबलावर ठेवले असते, तर मी बँकेतले सगळे दिले असते.