तेहतीस कोटींच्या वरची मूळ संख्या

१३ एप्रिल २०२५, रविवार. सकाळी ६.४०
शोध लागला. ३१, ३३१, ३३३१, असं करत ३३३३३३३१ पर्यंत सातही मूळ संख्या. एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. म्हणजे पुढची, ३३,३३,३३,३३१, मूळ असणारच. मोहिउद्दीन मेकॅनिकचा नियम. मुक्काम वणी, शिक्षण नववी. तरी सिद्धता हवी, तीही हाताने. उत्तर मोबाइलला कळून उपयोग काय?

१९ एप्रिल
तिचं वर्गमूळ अठरा हजारांच्या जरा वर. तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. दोन हजारांवर भागाकार. रोज पंचवीस. मात्र शंभराच्या आतले भाजक वगळले. आधीच्या सातांना त्यांनी भाग गेला नाही, तर आठवीलाच कसा जाईल? शिकलेल्यांना असं सुचत नाही.

६ मे
बाबूसिंगचा टेम्पो अजून उघडाच. "मिस्त्री, काय लिहून राह्यले?" म्हणाला. संख्या दाखवली. "तेहतीस कोटी त आमचे देव हायेत. वरचे कोन?"
त्याच्याशी गणित बोलायचं नाही. गिअरबॉक्स उद्या नक्की.

७ जून
ईद. पाहुणे. फक्त नऊ भागाकार. १०,१४१ पर्यंत पोचलो.

२२ जून
आरिफा अमरावतीच्या कॉलेजचा प्रवेशाचा फॉर्म घेऊन आली. मुलीला गणितात एमएस्सी करायचं आहे. शेवटची तारीख १२ जुलै. म्हटलं, घरात गुरू असताना हॉस्टेल कायले? आयशाबी म्हणाली, गुरूला सांग आधी टेम्पो देऊन टाक. बायकोला विषयाची जाण नाही.

२८ जून
बाबूसिंगने टेम्पो ओढून दुसऱ्या गॅरेजला नेला. बरं झालं. तिथे आता टेबल मावतं.

११ जुलै, दुपारी २.१५
संपलं. एकानेही भाग गेला नाही. घरात सगळ्यांना बसवून जाहीर केलं. आणि मोठ्या मनाने आरिफाला म्हणालो, हाताने भाजक काढून दाखव, इथेच सही करतो. नाही निघाला तर घरी शिकायचं, माझ्याकडे. तिने पेन मागितला. दिला.

दुपारी २.३५
फॉर्मच्या झेरॉक्सच्या मागे तिने आधी सातने भागलं. मग अकराने, तेराने. मी चहा पीत होतो. मग सतराने.
"अब्बा, एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस. खाली काही उरलं नाही."
तीनदा तपासलं. उलटा गुणाकारही केला. तिचं अक्षर फार गिचमिड आहे, हे सांगितलं.
"सतराने तुम्ही पाहिलंच नाही?"
तो मुद्दाम तुझ्यासाठी ठेवला होता, म्हटलं. तिने पेनला टोपण लावलं. मग म्हणाली, "शुक्रिया, अब्बा."
आयशाबी उठून आत गेली. हसायला गेली असावी.

१२ जुलै, सकाळी ९.१०
सही केली. त्याआधी फॉर्म नीट तपासला, प्रत्येक रकाना. 'पालकाचा व्यवसाय' यापुढे काय लिहायचं ते मी एप्रिलपासून ठरवून ठेवलं होतं. तिने तिथे मेकॅनिक लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.
खोडलं नाही. फॉर्मवर खाडाखोड चालत नाही.