निळ्या फडक्यातला खडा

मी, ज्ञानदा दिवाकर हरदास, वय पंचेचाळीस, अविवाहित, नोकरी मंत्रालयात, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. मन शांत आहे असेही लिहिण्याची पद्धत आहे. ते खरे नसल्याने लिहीत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांचा असायचा, त्यांना मी हे लिहीत असल्याचे ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. त्यातून मी परत न आल्यास माझ्या मिळकतीची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणे व्हावी. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकील श्री. यज्ञेश्वर घाटे यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. मसुदा पाहून ते म्हणाले, "बाई, यात वाटणी लिहा, भांडण नका लिहू. कोर्टात भांडणाला भाव नसतो." मी दोन दिवस विचार केला. कारण न देता केलेली वाटणी म्हणजे म्हातारचळ वाटेल, आणि मी तर म्हातारीही नाही. म्हणून कारणे लिहिली आहेत.

१. घर. चौबे कॉलोनीतले हे घर आईच्या नावावर होते आणि तिने ते माझ्या नावे केले, कारण तिची शेवटची सात वर्षे मी तिच्याजवळ होते. माझे मोठे बंधू अच्युत यांनी तेव्हा हरकत घेतली नाही. भनपुरीला त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा जोरात होता आणि इथल्या जागेला भाव नव्हता. रायपूर राजधानी झाले आणि त्यांना माझ्या प्रकृतीची काळजी वाटू लागली. दर रविवारी येतात. एका रविवारी म्हणाले, "ज्ञानदा, या प्लॉटले पाहून बिल्डर वेडे होऊन राहिले."

मी म्हटले, "होऊ दे. घरात एक तरी शहाणं पाहिजे."

हे घर मी त्यांची मुलगी कौमुदी हिला देते. तिच्या एकटीच्या नावावर, कोणत्याही अटीशिवाय. तिचे आईवडील तिच्या बोलावण्यावरून पाहुणे म्हणून येऊ शकतील. चपला बाहेर काढतात तसा जागेचा विषयही त्यांनी बाहेर काढून ठेवावा.

२. बाबांचे मनगटी घड्याळ. त्याच्या तबकडीवर 'सतरा ज्वेल्स' असे छापलेले आहे. बाबा रेल्वेत होते. गाडीची वेळ सांगताना लोकांना तबकडी दाखवून म्हणत, "यात सतरा रत्नं आहेत, अठरावं माझ्या घरी आहे." अठरावे म्हणजे अच्युत. त्या अठराव्याने एके दुपारी बाकीची सतरा पाहायला घड्याळ उघडले. आत खसखशीएवढे लाल ठिपके निघाले, त्यातले काही फरशीवर गेले, आणि घड्याळ तेव्हापासून बंद आहे. बोलणी मी खाल्ली, कारण रत्नावर कोणी हात उचलत नाही. आई मला जवळ घेऊन म्हणाली, "तू माझं झाकलं माणिक आहेस." तिने ते प्रेमानेच म्हटले होते. पण झाकण कोणी ठेवले, हा प्रश्न मला पुढे अनेकदा पडला. हे घड्याळ मी अच्युत यांना आहे त्या स्थितीत देते. दुरुस्त करू नये.

३. आईचे चांदीचे तोडे बिसाहिनबाईंना. त्यांनी आईची अंघोळ-पांघोळ माझ्याबरोबरीने केली. तुला काय हवे, असे विचारले तेव्हा म्हणाल्या, "मोला गोड़ बर दे दे दीदी, नाक-कान तो अइसने बने हे." गोड़ म्हणजे पाय. पायांत घालायलाच दिले आहेत, पेटीत ठेवायला नाही, एवढे त्यांना सांगावे.

४. नथ. ही भंडाऱ्याच्या आजीची. मोती, मधे माणिक आणि खाली एक लहान पाचू. आईच्या तेराव्याला, पंगती उठायच्या आत, अच्युतच्या पत्नी विजयावहिनी मला म्हणाल्या होत्या, "वन्सं, नथ तुमाले काय कामाची? लग्न झालेलीच्याच नाकात शोभते. कौमुदीसाठी ठेवून देऊ काय मी?" मी दिली नाही. कौमुदीला देण्याची माझी तयारी होती आणि आहे. ती मात्र हसते. "आत्या, मुझे नथ-वथ नहीं चाहिए, आप बस ठीक होके आओ." मराठी तिला सगळे कळते, उत्तर हिंदीत येते. नथ तिचीच आहे, पण ती पुढच्या कलमाच्या अधीन राहील. घर बिनअटीचे आणि नथ अटीची, हे मुद्दाम केले आहे. माझ्या रागाची किंमत कौमुदीने मोजू नये. मोजलीच तर नथीएवढीच.

५. खडा. हे कलम मी तीनदा लिहिले आहे.

माझे लग्न भिलाईच्या यशोधन यांच्याशी ठरत आले होते, तेव्हा वहिनी मला पत्रिका दाखवायला शालिग्राम महाराजांकडे घेऊन गेल्या. महाराज म्हणाले, शनी भारी आहे, मुलीला नीलम हवा. अस्सल नीलम स्वस्त नसतो. आईने हातातले सोन्याचे गोठ काढून वहिनींना दिले आणि वहिनींनी खडा आणला. नीलम एकदम घालत नाहीत. ज्याला तो सोसत नाही त्याचे घर बुडवतो म्हणतात, म्हणून आधी निळ्या फडक्यात बांधून तीन रात्री उशाशी घेऊन पाहतात. मी महाविद्यालयात शिकलेली मुलगी, तरी घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात घसरली आणि तिचे मनगट मोडले. अंगणात शेवाळ होते. प्लास्टर घालून आई म्हणाली, "पडली ते मी पडली. तुया खड्यानं ढकललं काय मले?"

पण पुढच्या आठवड्यात यशोधन यांच्याकडून नकार आला. कारण कळवले नाही. ते मला कळले पुष्कळ वर्षांनी, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत. यशोधन यांच्या आई शांताबाई माझ्यापुढे उभ्या होत्या. त्यांनी मला ओळखले आणि हात धरला.

"आमी तं तयार होतो गं पोरी. तुयी वहिनीच आली सांगाले. पोट्टीले नीलम सोसला नाही म्हणे, घरात माय पडली, पाहून घ्या."

"वहिनी स्वतः आल्या होत्या?"

"रिक्षा करून आली होती. चहा पिऊन गेली."

मी घरी येऊन वहिनींना काही विचारले नाही. तेव्हा आई अंथरुणावर होती आणि वहिनींचा पाय या घरातून तुटू नये असे तिला वाटे. खडा मी टाकलाही नाही. वहिनी तो परत घेईनात, म्हणे दोष परतून येतो. म्हणून त्याच फडक्यात, आईच्या खोलीपासून लांब, मागच्या कोठीत ठेवला. म्हणजे विश्वास नाही म्हणता म्हणता मीही ठेवलाच होता.

मृत्युपत्रात वस्तूचे वर्णन चूक असू नये म्हणून गेल्या महिन्यात मी नथ आणि खडा सदर बाजारात सराफाला दाखवले. नथ खरी. खडा त्याने उजेडात धरला आणि लगेच खाली ठेवला.

"दीदी, ये नीलम नहीं है. काँच है. किसने दिया?"

"घरवालों ने."

"तो फिर अनमोल है. बेचना मत."

तो हसला, मीही हसले. बाहेर पडून रिक्षात बसेपर्यंत मी बरी होते.

आता विचार. महाराजांनी वहिनींना फसवले असू शकते. तसे असेल तर गोठांचा संशय घेणे हा माझ्याकडून अन्याय होईल. पण वहिनींच्या कानांत त्याच दिवाळीला नव्या कुड्या आल्या, हेही मी पाहिले आहे. दुसरा कोणता पैसा असेल तर मला माहीत नाही. महाराज वारले आहेत, आई गेली आहे. जिला माहीत आहे अशी एकच व्यक्ती उरते.

म्हणून हा खडा, त्याच फडक्यासह, मी सौ. विजया अच्युत हरदास यांना देते. हे मृत्युपत्र वाचले जाईल तेव्हा अच्युत आणि कौमुदी यांच्या समोर वकिलांनी त्यांना एवढेच विचारावे: ही काच आहे हे तुम्हाला माहीत होते का? माहीत होते म्हणाल्या, तर माझ्या आईच्या गोठांचे काय झाले ते त्यांची मुलगी पुढे विचारील. माहीत नव्हते म्हणाल्या, तर खरा नीलम समजून त्यांनी भिलाईला जाऊन माझी बदनामी केली, हे तरी त्यांच्या तोंडून निघेल. उत्तर काहीही असो, ते मिळताच नथ कौमुदीच्या हातात द्यावी. त्या गप्प राहिल्या, तर नथ मंडळाला जावी आणि गरजू नवरीला एका दिवसासाठी देण्यात यावी. मग कौमुदीच्या लग्नात विजयावहिनींनी मंडळात जावे, सही करावी आणि चार मुलींनी घातलेली नथ मागून आणावी.

हे वाईट आहे का? आहे. पण खोटे नाही.

६. माझ्या डायऱ्या. अठरा वर्षांच्या आहेत. रद्दीत देऊ नयेत, पाण्यात भिजवून लगदा करावा. त्यात बहुतेक ठिकाणी मी स्वतःलाच उलटतपासले आहे. ते वाचून कोणाला माझा कैवार घ्यावासा वाटेल, आणि मला तो नको.

७. वरील मजकूर शनिवारी पुरा झाला होता. काल-परवाची गोष्ट जोडते.

रविवारी अच्युत आणि वहिनी आले. वहिनींनी पर्समधून एक पुडी काढली. आत सोन्यात बसवलेले पोवळे होते. म्हणाल्या, "वन्सं, ऑपरेशनले जाताना हे घालून जा. मंगळ सांभाळते. माह्याकडून आहे, नाही म्हणू नका."

इतकी वर्षे मी ज्यांच्याबद्दल हे लिहीत बसले होते, त्या माझ्यासाठी पोवळे घेऊन आल्या होत्या. कलम पाच फाडून टाकावे असे मनात आले. मी अंगठी हातात घेतली आणि नुसते काहीतरी बोलायचे म्हणून म्हटले, "खरं आहे ना वहिनी?"

"काहून, शंका येते काय?" त्या हसल्या. "माह्या मामाची आर्वीले सराफी होती, माहीत नाही काय तुमाले? लहानपणी सुट्टीभर दुकानातच खेळून राहायची मी. खडा हातात घेतल्याबरोबर कळते मले, खरा का काच. आजवर कोणी फसवलं नाही."

अच्युत म्हणाले, "हव, तिले कोणी नाही फसवू शकत."

मी चहा ठेवायला आत गेले.

खडे पारखायला त्या पुढे कधीतरी शिकल्या असतील, ही शंका मी घेऊन पाहिली. पण त्या लहानपणी म्हणाल्या. पोवळे मी सराफाकडे नेले नाही. त्यांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. ते त्यांना परत द्यावे.

कलम पाच कायम आहे. त्यातला प्रश्न वकिलांनी जसाच्या तसा विचारावा. उत्तर मला मिळालेले आहे. आता ते कौमुदीने ऐकायचे तेवढे उरले आहे. आणि मी नागपूरहून बरी होऊन आले, तर वकिलांनी तसदी घेऊ नये. खडा चहाच्या ताटात ठेवून तो प्रश्न मी स्वतः विचारीन.

हे वाचून, समजून, एकही शब्द न खोडता मी सही केली.

ज्ञानदा दिवाकर हरदास

ज्ञानदाबाईंनी आम्हा दोघांच्या देखत सही केली व त्यांच्या देखत आम्ही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार:
१. डॉ. चारुदत्त फडणीस, चौबे कॉलोनी
२. सौ. रूपाली बक्षी, शेजारी

रायपूर, मंगळवार, दिनांक १० फेब्रुवारी २००४